बिल समोर दिसतंय, मग एन/ए का?

"काकू, हे बिल दोन्हीकडे आहे. बघा ना, अगदी सेम टू सेम. मग हा एन/ए का म्हणतोय?"

चौदा तारखेची संध्याकाळ. खालच्या मजल्यावरची मुलगी गेले तीन महिने माझ्याकडे अकाउंटचं काम शिकायला येते. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. डाव्या शीटमध्ये दुकानाचं खरेदी रजिस्टर, उजव्या शीटमध्ये जीएसटी पोर्टलवरून उतरवलेलं टू-बी, म्हणजे माल विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी. बिल नंबर दोन्हीकडे एसटी/१०४/२४-२५. माझ्या डोळ्यांनाही काही फरक दिसला नाही. तरी एक्सेल म्हणत होतं एन/ए, म्हणजे 'सापडलं नाही'.

मी तिला म्हटलं, "डोळ्यांवर जाऊ नकोस. लेन लाव दोन्हीला."

लेन हे फंक्शन सेलमध्ये किती अक्षरं आहेत ते मोजून सांगतं. एका बाजूला १२ आली, दुसऱ्या बाजूला १३. म्हणजे एका बिलाच्या शेपटाला काहीतरी चिकटलं होतं. तिने लगेच ट्रिम लावून बघितलं, कारण मोकळ्या जागा काढायला ट्रिम लावायचं हे तिला मीच शिकवलं होतं. तरी १३ ची १३ च. मग शेवटचं अक्षर राइटने वेगळं काढून त्याला कोड लावायला सांगितलं. उत्तर आलं १६०. स्पेसबार दाबल्यावर येणाऱ्या साध्या मोकळ्या जागेचा कोड असतो ३२, आणि ट्रिम फक्त तेवढीच ओळखतं. १६० ही वेगळी जागा. वेबपेजवरून किंवा मेलमधून कॉपी केलेल्या मजकुरासोबत ती हमखास येते. माल विकणाऱ्या पार्टीने मेलवर पाठवलेल्या यादीतून तिने बिल नंबर उचलले होते, तिथून ती आली. सबस्टिट्यूट हे फंक्शन एका अक्षराच्या जागी दुसरं घालतं. त्यात कॅर १६०, म्हणजे हीच जागा, देऊन तिच्या जागी रिकामं टाकलं आणि त्या रकान्यातले अकरा एन/ए एकदम गेले.

तिचा चेहरा खुलला. मला मात्र वाटलं की हिला मी तीन महिने फॉर्म्युले शिकवले आणि मुख्य गोष्ट सांगायची राहूनच गेली. तीच आज लिहून काढते आहे. तिच्यासाठी, आणि दर महिन्याच्या चौदा ते वीस तारखेत माझ्यासारख्याच स्क्रीनला डोळे लावून बसणाऱ्या सगळ्यांसाठी.

ज्यांचा जीएसटीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दुकानदार माल घेताना जो कर भरतो, त्याचं क्रेडिट त्याला विक्रीवरच्या करातून वजा करून मिळतं. पण त्याने बिल दाखवून भागत नाही. माल विकणाऱ्या पार्टीनेही ते बिल आपल्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, म्हणजे आर-वनमध्ये, दाखवलेलं असावं लागतं. पार्ट्यांनी दाखवलेली सगळी बिलं एकत्र होऊन पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला टू-बी तयार होतं, आणि महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना २० तारखेपर्यंत थ्री-बी, म्हणजे क्रेडिट वजा करून कर भरायचं रिटर्न, भरावं लागतं. मध्ये सहा दिवस. २०१९ च्या ऑक्टोबरात नियम आला तेव्हा पोर्टलवर दिसणाऱ्या क्रेडिटपेक्षा २० टक्के जास्त घेता येत होतं. २०२० च्या जानेवारीपासून ते १० टक्के झालं, २०२१ च्या जानेवारीपासून ५ टक्के. आणि १ जानेवारी २०२२ पासून ही सवलत पूर्ण बंद झाली. टू-बीमध्ये नाही ते क्रेडिट नाही. ऑक्टोबर २०२४ पासून तर पोर्टलवर एकेक बिल स्वीकारायची किंवा नाकारायची सोयही आली आहे. पण स्वीकारायचं की नाकारायचं हे ठरवण्याआधी आपल्या वहीत ते बिल आहे का, हे शोधावं लागतंच.

म्हणजे काम एवढंच: दोन याद्या, आणि एकीतली प्रत्येक ओळ दुसरीत शोधायची.

हे काम मी घरात लहानपणापासून बघत आले. आमचे आप्पा कराडच्या मार्केट यार्डात गुळाच्या एका आडत दुकानात दिवाणजी होते. लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबलचक वह्या. रोजचे व्यवहार कीर्दीत, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. कीर्दीतून मग प्रत्येकाच्या खात्यावर, म्हणजे खतावणीत, उतरवायचं. कीर्दीतल्या प्रत्येक रकमेशेजारी एक अरुंद रकाना असायचा, खाते पान. ही रक्कम खतावणीच्या कितव्या पानावर नेली, तो आकडा तिथे. तो आकडा लिहिलेला असला की रक्कम खात्यावर गेली. रिकामा असला की गेली नाही. रात्री जेवणाआधी आप्पा कीर्द मांडीवर घेऊन त्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवत, आणि रिकाम्या जागेवर बोट थांबलं की शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात 'विचारणे' असं लिहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन विचारत.

खतावणीच्या सुरुवातीला नावांची अनुक्रमणिका असे. पण शेतकऱ्यांची नावं कशी असतात ते तुम्हाला माहीत आहे. नाव तेच, आडनाव तेच, असे चार-चार जण. आप्पा वडिलांचं नाव लावत. तेही जुळलं तर गाव. आमच्या भागात रेठरे बुद्रुक आहे आणि रेठरे खुर्दही आहे, तेव्हा नुसतं रेठरे लिहून भागायचं नाही. गावही एकच निघालं तर मळ्याचं किंवा वस्तीचं नाव. जोवर त्या माणसाची ओळख एकमेव होत नाही, तोवर त्याच्या नावापुढे ते भर घालत राहत. आज यालाच 'की' म्हणतात. मी मराठीत 'खूण' म्हणते. दोन याद्या एकमेकींना ओळखतात त्या या खुणेवरून. खूण पक्की असेल तर फॉर्म्युला कुठलाही चालतो आणि खूण कच्ची असेल तर कुठलाच चालत नाही, हीच ती राहून गेलेली मुख्य गोष्ट.

फॉर्म्युल्याबद्दल मी फार लिहिणार नाही, पण एका जागी थांबावंच लागेल. व्हीलुकअप या शोधायच्या फंक्शनला चार गोष्टी सांगायच्या असतात: काय शोधायचं, कुठे शोधायचं, सापडल्यावर कितव्या रकान्यातलं आणायचं, आणि तंतोतंत तेच हवं की जवळपासचं चालेल.

=व्हीलुकअप(एच२, टूबी!$ए$२:$एफ$५००, ६, फॉल्स)

ते डॉलर विसरू नका. एफ-फोर दाबलं की लागतात. नाही लावले तर फॉर्म्युला खाली ओढताना शोधायची जागाही ओळीओळीने खाली सरकते. वरच्या ओळी जुळतात, खालच्या सुटत जातात, आणि आपण पार्टीला नावं ठेवत बसतो.

आता ती चौथी गोष्ट. तिथे 'फॉल्स' किंवा शून्य लिहिलं तर तंतोतंत शोध होतो. काहीच लिहिलं नाही तर एक्सेल 'जवळपासचं चालेल' असं धरतं. त्या पद्धतीत ते यादी वरून खाली वाचत नाही. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधलं पान उघडतो आणि मग पुढे जायचं की मागे ते ठरवतो, तसं ते यादीच्या मध्यावर उडी मारतं. यादी चढत्या क्रमाने लावलेली असेल तर हे बरोबर. लावलेली नसेल तर ते भलत्याच ओळीवर जाऊन थांबतं, आणि तिथलं उत्तर पूर्ण विश्वासाने आणून देतं.

माझ्या हातून हे एकदा झालं. सप्टेंबरचा महिना, नवीन आलेलं एक हार्डवेअरचं दुकान, साडेचारशेच्या आसपास बिलं. एरवी मी जुन्या फाइलमधला फॉर्म्युला उचलते, त्या दिवशी नव्याने टाइप केला आणि चौथी गोष्ट लिहिलीच नाही. टू-बीमधून मी पार्टीने रिटर्न भरल्याची तारीख आणत होते. तारीख आली म्हणजे बिल सापडलं, असा माझा हिशोब. सगळ्या ओळींत तारीख आली. एकही एन/ए नाही. मला आनंदच झाला, आणि २० सप्टेंबरला थ्री-बी भरून टाकलं.

१४ डिसेंबरच्या टू-बीमध्ये ऑगस्टची तीन बिलं दिसली. पार्टीने आर-वन उशिरा भरलं होतं. मी वही उघडली तर त्यांचं क्रेडिट सप्टेंबरातच घेतलेलं. तीन बिलांचा मिळून ४१,४०० रुपये कर. जुनी फाइल उघडली आणि त्या फॉर्म्युल्यात चौथी गोष्टच नाही हे बघितलं तेव्हा पोटात खड्डा पडला. २० डिसेंबरला भरलेल्या रिटर्नमध्ये ते सगळं सरळ केलं. १८ टक्क्यांनी ९१ दिवसांचं व्याज झालं १,८५८ रुपये. दुकानदाराला मी स्वतः जाऊन सांगितलं, चूक माझी आहे, व्याज मी भरते. ते नको नको म्हणत होते, पण मी भरलं. आकडा मोठा नव्हता. पण ज्या माणसाने वह्या माझ्यावर सोपवल्या, त्याच्या नावावर तीन महिने एक चुकीची रक्कम बसून होती, हे मला आजही लागतं. तेव्हापासून साडेचारशे ओळींत एकही एन/ए आला नाही की मी फाइल पुढे नेत नाही. थांबते, आणि मुद्दाम एका बिलाचा नंबर बिघडवून बघते. बिघडवलेल्या बिलालाही उत्तर आलं तर फॉर्म्युला खोटं बोलतोय.

'जवळपासचं' ही पद्धत मुळात वाईट नाही, तिची जागा वेगळी आहे. व्यवसाय कराचं बघा. महाराष्ट्रात पुरुष नोकरदाराला महिन्याला ७,५०० पर्यंत काही नाही, ७,५०१ ते १०,००० ला १७५ रुपये, त्यावर २०० रुपये, आणि फेब्रुवारीत ३००. स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत माफ. इथे ८,२४० हा आकडा तंतोतंत कुठल्याच यादीत सापडणार नाही. डाव्या रकान्यात प्रत्येक टप्प्याची फक्त सुरुवात लिहायची, ०, ७,५०१, १०,००१, आणि जवळपासचा शोध लावायचा. ते ७,५०१ च्या ओळीवर थांबतं आणि १७५ आणून देतं. ज्यांचा टप्पा असतो त्यांना ही पद्धत, आणि ज्यांची खूण असते त्यांना तंतोतंत.

व्हीलुकअपची दुसरी अडचण अशी की ते फक्त उजवीकडे बघतं. खूण पहिल्या रकान्यात हवी. टू-बीच्या शीटमध्ये मात्र पार्टीचा जीएसटी नंबर आणि नाव आधी येतं, बिल नंबर नंतर. बिल नंबरवरून नाव आणायचं म्हटलं की व्हीलुकअप अडकतं. शिवाय मध्ये कुणी एक रकाना घातला की 'सहावा' म्हणून सांगितलेला रकाना सातवा होतो आणि भलतीच रक्कम येते. म्हणून मी बरीच वर्षं इंडेक्स आणि मॅच जोडीने वापरते. मॅच ओळ शोधतं, इंडेक्स त्या ओळीतलं हवं ते काढून देतं. दोन मॅच लावले तर आडवं-उभं दोन्ही शोधता येतं. आई पंचांगातलं अवकहडा चक्र बघायची ते असंच. डावीकडे रोहिणी शोधायची, वर दुसरा चरण शोधायचा, दोन्ही बोटं जिथे भेटतील तिथे 'वा'. माझ्या पुतणीचं नाव त्यावरून ठेवलं.

२०१९ मध्ये एक्सलुकअप जाहीर झालं आणि या दोन्ही अडचणी गेल्या. ते डावीकडेही बघतं, आणि काही न सांगता तंतोतंतच शोधतं. मला ते मनापासून आवडतं. पण ज्यांच्या वह्या मी बघते त्या सातपैकी चार दुकानांत अजून जुनं एक्सेल आहे, २०१६ किंवा त्याआधीचं, आणि तिथे एक्सलुकअप चालत नाही. माझ्याकडून पाठवलेली फाइल तिथे उघडून कुणी काही बदललं की सगळ्या रकान्यात चूक दिसू लागते आणि मला फोन येतो. त्यामुळे घरातल्या कामाला एक्सलुकअप, बाहेर जाणाऱ्या फाइलला इंडेक्स-मॅच.

आता खुणेकडे येते, कारण माझा बहुतेक वेळ तिथेच जातो आणि जायलाच हवा.

पार्टीचं नाव ही खूण होऊ शकत नाही. आमच्या गावाचंच बघा. पाटीवर कराड, वर्तमानपत्रात कऱ्हाड. एका वहीत 'ट्रेडर्स', दुसरीत 'ट्रेडिंग कं.'. बुद्रुकचं कुठे बु., कुठे बुद्रुक. नावाने जुळवायला गेलात तर अर्धा दिवस जाईल आणि तरी खात्री नाही. बिल नंबर एकटाही चालत नाही. नव्या आर्थिक वर्षात तर निम्म्या पार्ट्यांची बिलं १, २, ३ अशीच सुरू होतात. आप्पांसारखं नावापुढे भर घालत जायचं. पार्टीचा जीएसटी नंबर आणि बिल नंबर एकत्र जोडले की खूण एकमेव होते. मी मध्ये एक उभी रेघ घालते. जीएसटी नंबर नेहमी १५ अक्षरांचाच असतो, त्यामुळे इथे रेघ नसली तरी घोटाळा होणार नाही. पण इतर याद्यांत होतो, तेव्हा सवय असलेली बरी.

जोडण्याचा आणखी एक फायदा आहे. एका शीटमध्ये बिल नंबर १०४ हा आकडा म्हणून असतो आणि दुसरीत मजकूर म्हणून. दिसायला दोन्ही १०४, फरक एवढाच की आकडा सेलच्या उजव्या कडेला चिकटतो आणि मजकूर डाव्या. एक्सेल या दोघांना एक मानत नाही. पण जीएसटी नंबरला जोडल्यावर दोन्हीकडे मजकूरच होतो आणि हा तंटा मिटतो.

पुढची शून्यं मात्र जोडूनही परत येत नाहीत. ००४५ हे बिल सेलमध्ये टाइप केलं की एक्सेल त्याचं ४५ करतं. त्याहून वाईट म्हणजे तारखा. एखाद्या छोट्या पार्टीचं बिल १-४ असतं, आणि ते टाइप करताच एक्सेलला १ एप्रिल वाटतं. २०२४ साली ते टाइप केलं असेल तर सेलच्या पोटात ४५३८३ हा आकडा बसतो, कारण एक्सेल तारखा दिवस मोजून ठेवतं. एकदा असं झालं की मूळचं १-४ परत मिळत नाही, कागद काढून पुन्हा टाइप करावं लागतं. म्हणून बिल नंबरचा रकाना आधी टेक्स्ट करायचा, मगच पेस्ट करायचं. हा क्रम मी त्या मुलीकडून दहा वेळा करून घेतला आहे.

कायद्याने बिल नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो, आणि त्यात इंग्रजी अक्षरं व आकडे सोडले तर फक्त दोनच चिन्हं चालतात, आडवी रेघ आणि तिरकी रेघ. ही माहिती मला फार उपयोगी पडली. वही लिहिणारा माणूस तिरक्या रेघेच्या जागी आडवी टाकतो किंवा दोन्ही गाळतो, एवढाच बहुतेक गोंधळ असतो. तेव्हा सबस्टिट्यूटने दोन्ही चिन्हं काढून टाकली की बरीच बिलं जुळतात. पण हे मी पहिल्या फेरीत करत नाही. चिन्हं काढली की १/११ आणि ११/१ या दोघांचं १११ होतं. वेगळी बिलं एक होतात. म्हणून पहिली फेरी जशीच्या तशी, आणि उरलेल्यांसाठी दुसरी फेरी चिन्हं काढून, तीही शेजारी कराची रक्कम ताडून. रकमेत एक रुपयापर्यंतचा फरक मी सोडते, पैशांच्या गोळाबेरजेचा असतो. त्यापेक्षा जास्त असेल तर बिल जुळलेलं नाही असंच मानते.

आणखी एक. तंतोतंत शोधताना लुकअपची फंक्शन्स पहिलं सापडलं की थांबतात. खाली तीच खूण पुन्हा असेल तर ती त्यांना दिसत नाही. एकच बिल वहीत दोनदा चढलं असेल तर दोन्ही ओळींना टू-बीमधलं तेच एक बिल मिळतं आणि दोन्ही जुळल्यासारखी वाटतात. क्रेडिट दुप्पट. म्हणून शोधायला सुरुवात करण्याआधी दोन्ही याद्यांवर काउंटिफ, म्हणजे खूण किती वेळा आली ते मोजणारं फंक्शन, लावायचं आणि एकापेक्षा जास्त आलेली खूण बाजूला काढायची. कधी कधी ते दुबार नसतंही. एकाच बिलात ५ टक्क्यांचा आणि १८ टक्क्यांचा माल असतो, आणि वहीत त्याच्या दोन ओळी झालेल्या असतात. तिथे शोध नको, बेरीज हवी. समिफ्सने खुणेची बेरीज दोन्हीकडे काढायची आणि वजाबाकी करायची.

आणि शोध दोन्ही बाजूंनी करायचा. वहीतली बिलं टू-बीत आहेत का हे सगळे बघतात. टू-बीतली बिलं वहीत आहेत का हे फार थोडे बघतात. मला त्यातून दुकानदारांची कितीतरी राहून गेलेली बिलं सापडली आहेत. माल आला, बिल गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलं, वहीत चढलंच नाही. ते क्रेडिट त्यांच्या हक्काचं असतं.

मधल्या काळात माझ्या धाकट्या दिरांनी गावच्या दूध संस्थेची सभासद यादी आणली होती. जुनी यादी संगणकावर होती, नवी त्यांनी मोबाइलवर मराठीत टाइप केली होती, आणि एकही नाव जुळेना. जुनी यादी जुन्या मराठी फॉन्टमध्ये होती. ज्यांनी श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये काम केलं आहे त्यांना कळेल. स्क्रीनवर मराठी दिसतं, पण फॉन्ट बदलला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची गर्दी उघडी पडते. आत मराठी नसतंच, मराठीचं चित्र असतं. नवी यादी युनिकोडमध्ये, म्हणजे आतही मराठी. अशा दोन याद्या कुठल्याच फॉर्म्युल्याने जुळत नाहीत. आधी जुनी यादी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणली. तरी निम्मीच जुळली, कारण पहिली वेलांटी-दुसरी वेलांटी, आणि नावात 'राव' लावलंय की नाही. शेवटी नाव सोडून दिलं आणि सभासद क्रमांकाने जुळवलं. तीनशे सोळा सभासद, पंधरा मिनिटांत. क्रमांक दोन्ही याद्यांत पहिल्यापासून होता. माणसाला नावाने ओळखायची आपली सवय इतकी जुनी आहे की शेजारचा आकडा दिसत नाही.

इफएररबद्दल माझं मत कडक आहे. एन/ए दिसायला वाईट दिसतं म्हणून लोक इफएरर लावतात आणि त्या जागी शून्य किंवा कोरी जागा आणतात. दुकानदाराला द्यायच्या प्रतीत मीही लावते. पण माझ्या कामाच्या शीटमध्ये नाही. इफएरर न सापडलेलं तर झाकतंच, पण फॉर्म्युल्यात झालेली चूकही झाकतं. रेंज चुकली, शीट डिलीट झालं, सगळंच शून्य. फक्त 'सापडलं नाही' एवढंच हाताळायचं असेल तर इफएनए आहे, ते बाकीच्या चुका तशाच दाखवतं. आणि शून्याऐवजी तिथे शब्द लिहावा. शून्य बेरजेत मिसळून जातं. शब्द डोळ्यात येतो.

परवाच्या त्या फाइलवर परत येते. २१२ बिलं होती. १६० च्या जागा काढल्या, तारखा झालेले नंबर कागदावरून पुन्हा लिहिले, दुसरी फेरी झाली. सात उरली. मी तिला म्हटलं, आता फॉर्म्युला बंद कर आणि बिलांची फाइल काढ.

एकात वहीतच ३ चा ८ झाला होता. ते तिथेच सुटलं. दोन बिलं तिमाही रिटर्न भरणाऱ्या एका पार्टीची होती. पार्टीने १३ तारखेपर्यंत ती वेगळी टाकायला हवी होती, टाकली नाहीत, आता तिमाहीच्या शेवटी दिसतील. एक बिल ३१ तारखेचं, पार्टीने पुढच्या महिन्यात धरलेलं. एका पार्टीने आमच्या दुकानाचा जीएसटी नंबरच न टाकता बिल किरकोळ विक्रीत दाखवलं होतं. तिला दुरुस्ती करायला सांगावं लागेल.

सहावं तिने स्वतः शोधलं. वहीत पार्टीचा नंबर २९ ने सुरू होत होता, म्हणजे कर्नाटकातला. बिलावर मात्र २७, आपला महाराष्ट्र. पार्टी तीच, पण या वेळी माल पुण्याच्या डेपोतून आला होता. जीएसटी नंबरातली तिसऱ्यापासूनची दहा अक्षरं म्हणजे पॅन. मिडने ती काढून जुळवल्यावर बिल मिळालं. वहीत त्यावर आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या मालावरचा कर, लावला होता, तो बदलून राज्यातल्या मालावरचे सीजीएसटी आणि एसजीएसटी करावे लागले.

सातवं राहिलं. १,२६० रुपयांचा कर. तिने चिन्हं काढून बघितलं, पॅनने बघितलं, रकमेने बघितलं, मागच्या दोन महिन्यांची टू-बी उघडून बघितली. नाही. मग तिने फाइलमधून तो कागद काढला. हाताने लिहिलेलं बिल. वर छापलं होतं 'बिल ऑफ सप्लाय', खाली रक्कम एकरकमी, कर वेगळा दाखवलेलाच नाही. ती पार्टी कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या कर योजनेत, आहे. तिला कर लावता येत नाही, म्हणून तिच्या मालावर क्रेडिटही नाही. दुकानातल्या मुलाने सवयीने वहीत १८ टक्के फोडून लिहिले होते.

"म्हणजे हा एन/ए बरोबर होता," ती म्हणाली.

मी आतल्या खोलीतून आप्पांची एक कीर्द आणून तिला दाखवली. ती बराच वेळ खाते पानाचा रकाना बघत होती. एका ठिकाणी पान नंबर नव्हता, शेजारी पेन्सिलीतलं 'विचारणे' अजून वाचता येत होतं. तिने कीर्द मिटून ठेवली, लॅपटॉप पुढे ओढला, शेवटच्या रकान्याला डोक्यावर तोच शब्द टाइप केला आणि दुकानाला फोन लावला.